डिस्नी वर्ल्डमधली निळी वीस मिनिटं

फ्लोरिडातल्या डिस्नी वर्ल्डला जाऊन आलेल्यांचे फोटो पाहायला बसलं की दिवसाचे फोटो संपता संपत नाहीत. डोक्यावर मिकीचे कान, हातात आइस्क्रीम, उन्हाने बारीक झालेले डोळे. रात्रीचे मात्र चार-पाचच निघतात, तेही हललेले. काळंकुट्ट आभाळ, मधोमध एक भगभगीत पांढरा ठिपका, आणि "हा राजवाडा बरं का" असं दाखवणाऱ्याने सांगायचं. माझं मत विचाराल तर ती जागा खुलते रात्रीच. दिवसा तिथे काँक्रीट दिसतं, रांगा दिसतात, घामाघूम होऊन बाबागाड्या ढकलणारे बाप दिसतात. दिवे लागले की काय दिसू द्यायचं आणि काय अंधारात ठेवायचं हे तिथल्या प्रकाशयोजनाकारांनी ठरवलेलं असतं, आणि ती माणसं आपल्या कामात फार पक्की आहेत.

आम्ही गेलो दिवाळीच्या सुट्टीत. लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज न्यू जर्सीत एडिसनला धाकट्या भावाकडे झाली आणि मग आई, भाऊ, भावजय, त्यांची पाच वर्षांची लेक, मी, नवरा आणि आमचे आठवीतले चिरंजीव असा सगळा लवाजमा ऑर्लँडोला उतरला. निघण्याआधीच तह झाला होता. तिथल्या मॅजिक किंगडम पार्कमधली एक संध्याकाळ आणि एपकॉट पार्कमधली एक रात्र माझी. बाकी सगळं मुलांचं आणि आईच्या गुडघ्यांचं. "ताई, तू कॅमेरा काढलास की आमचे खांब होतात," असं भाऊ म्हणतो. सहलीला कॅमेरेवालं माणूस बरोबर असणं ही घरच्यांना शिक्षाच असते. त्यामुळे आपली वेळ आधी मागून घ्यावी आणि बाकीच्या वेळी कॅमेरा पिशवीत ठेवावा, हे बरं.

वेळ मागून घ्यायची ती का, हे तिथला पसारा पाहिल्यावर कळतं. वॉल्ट डिस्नीने १९६० च्या दशकात ऑर्लँडोजवळची दलदलीची जमीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी गुपचूप घेतली. १९६६ मध्ये तो गेला. थोरला भाऊ रॉय याने काम तडीस नेलं आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी मॅजिक किंगडम उघडलं. नावात 'वॉल्ट' हवंच, हा आग्रहही त्याचाच. आज साधारण पंचवीस हजार एकरांत चार स्वतंत्र पार्क आहेत आणि एकातून दुसऱ्यात जायचं तर बस, मोनोरेल किंवा बोट. लहान मुलं आणि म्हातारं माणूस बरोबर असताना एका रात्रीत दोन पार्कांचे फोटो हा बेत कागदावरच ठेवावा.

आता वेळेची गोष्ट. रात्रीचा उत्तम फोटो मुळात रात्री काढायचाच नसतो. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटं आभाळ गडद निळं असतं. त्या वेळी आभाळाचा उजेड आणि दिव्यांचा उजेड जवळपास सारखा होतो. कॅमेऱ्याला दोन्ही एकाच वेळी झेपतात. त्याआधी दिवे फिके, त्यानंतर आभाळ काळं, आणि काळ्या आभाळापुढे मनोऱ्यांची कड हरवून जाते. ऑर्लँडो साधारण दिल्लीच्या अक्षांशावर आहे, त्यामुळे तिथला संधिप्रकाश आपल्या मुंबई-पुण्यापेक्षा किंचित रेंगाळतो, पण किंचितच.

ही वीस मिनिटं घड्याळात कुठे पडतात, यावर सगळं कुटुंबाचं गणित असतं. जूनमध्ये तिथे सूर्य मावळतो सव्वाआठ-साडेआठला. म्हणजे निळं आभाळ पावणेनऊला, आतषबाजी त्याहून उशिरा, आणि पाच वर्षांचं पोर तोवर खांद्यावर झोपलेलं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात. त्यानंतर सूर्यास्त साडेपाचच्या सुमारास येतो. पावणेसहाला आभाळ निळं, सव्वासहाला काळोख. मुलं जागी, आईचा चहा नुकताच झालेला, सगळ्यांचा मूड शाबूत. दिवाळीच्या सुट्टीत जाण्याचा हा फायदा मला तरी कुठल्या प्रवासी कंपनीने सांगितला नव्हता. शिवाय उन्हाळ्यात फ्लोरिडात दुपार टळली की गडगडाटी पाऊस ठरलेला. नोव्हेंबर त्या मानाने कोरडा.

त्या वीस मिनिटांसाठी आम्ही उभे होतो मॅजिक किंगडमच्या मेन स्ट्रीटवर, प्रवेशाजवळच्या रेल्वे स्टेशनच्या वरच्या गॅलरीत. लोक धावतात राजवाड्याच्या पायथ्याशी, आणि तिथेच फसतात. सिंड्रेलाचा हा राजवाडा १८९ फूट उंच आहे. दोनशे फुटांच्या वर गेलं की अमेरिकेच्या नियमाप्रमाणे विमानांसाठी इशाऱ्याचा दिवा लावावा लागतो, आणि परीकथेतल्या कळसावर लाल लुकलुकता दिवा कुणाला हवा? हॉलिवूड स्टुडिओज या पार्कमधला 'टॉवर ऑफ टेरर'ही याच कारणाने १९९ फुटांवर थांबला आहे. राजवाडा मात्र आहे त्याहून बराच उंच वाटतो, कारण वरवर जाताना खिडक्या, मनोरे, भिंतीवरचे दगड सगळं लहान लहान होत जातं. दिवाळीत मातीच्या किल्ल्यावर मावळे जितके बारके ठेवावे तितका किल्ला मोठा दिसतो, तोच हा हिशेब. ही नजरबंदी चालते लांबून, सरळ समोरून. पायथ्याशी जाऊन फोन वर धरला की मनोरे मागे झुकतात आणि आतलं गणित उघडं पडतं. म्हणून लांब जावं आणि झूम करावं. मेन स्ट्रीटच्या दोन्ही बाजूंची दुकानं चौकटीसारखी येतात आणि त्यांच्यामागे राजवाडा चांगला भरघोस उभा राहतो.

कॅमेऱ्याचे आकडे हवेच असतील तर आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/८, शटर निळ्या आभाळात दोन ते चार सेकंद, पूर्ण अंधार पडल्यावर सहा ते दहा. मेन स्ट्रीटच्या छपरांच्या कडांनी बल्बांच्या माळा आहेत. अ‍ॅपर्चर एफ/१६ च्या आसपास नेलं की प्रत्येक बल्बाला चांदणीसारखे किरण फुटतात. हे किरण लेन्सच्या पात्यांवर ठरतात. पाती सम असतील तर तेवढेच किरण, विषम असतील तर दुप्पट. म्हणजे सात पात्यांच्या लेन्सला चौदा. लेन्सपुढची काचेची फिल्टर-चकती रात्री काढून ठेवावी, नाहीतर बल्बांची भुतं फोटोत भलतीकडे उमटतात. ट्रायपॉडवर असताना लेन्समधलं कंप थांबवणारं बटणही बंद करावं.

ट्रायपॉडबद्दल नियम स्पष्ट आहे. साध्या पाठपिशवीत मावेल आणि सहा फुटांहून उंच होणार नाही एवढाच चालतो. मोठा दारातच अडवतात. सेल्फी स्टिकवर २०१५ पासून बंदी आहे, ड्रोनचं तर नावच नको. मी नेला होता तो वीतभर पायांचा, कठड्याला वेढा घालून बसणारा. खरं तर तोही दरवेळी काढत नाही. दगडी कठडा, दिव्याचा खांब, सपाट डोक्याचा कचऱ्याचा डबा, यातलं काहीही चालतं. कॅमेरा टेकवायचा, दोन सेकंदांचा टायमर लावायचा, हात काढून घ्यायचा. फोनवाल्यांनाही हेच. आजकालच्या फोनमधला नाइट मोड काही सेकंद उजेड गोळा करतो; फोन टेकलेला आहे हे कळलं की बरेच फोन ती मुदत आपणहून वाढवतात. हातात धरून काढलेल्या आणि कठड्यावर टेकवून काढलेल्या फोटोत फरक पैशांचा नाही, फक्त कठड्याचा आहे.

आतषबाजीसाठी लोक तासभर आधी जागा धरतात. बाहेरचं खाणं आत न्यायला परवानगी असल्याने आमच्याकडे भावजयीच्या हातच्या चकल्या आणि पातळ पोह्यांचा चिवडा होता. रस्त्याच्या कडेला बसून दिवाळीचा फराळ चालला होता. आई म्हणाली, "घरी पैसे घालून उडवतो, इथे पैसे भरून बघायचं. एकूण दिवाळी महागच!" शेजारी बसलेल्या अनोळखी कुटुंबातल्या मुलीला तिने चकली दिली, त्या मुलीने ती आधी अंगठीसारखी बोटात घालून पाहिली.

'हॅपिली एव्हर आफ्टर' हा कार्यक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, मधे काही काळ बंद होता आणि २०२३ मध्ये परत आला. साधारण अठरा मिनिटं चालतो. त्यात दोन गोष्टी एकदम घडतात: राजवाड्याच्या भिंतींवर चित्रं सरकतात आणि मागून बाण उडतात. कॅमेऱ्याला या दोन्ही एकाच मापाने मिळत नाहीत, आणि नेमकं हेच कुणी सांगत नाही. उजेडाची फुलं हवी असतील तर बाण वर निघाला की शटर उघडायचं, फुलून झालं की मिटायचं. दोन ते चार सेकंद, आयएसओ १००, एफ/११. पण तेवढ्या वेळात भिंतीवरची चित्रं एकमेकांत मिसळून रंगाचा चिखल होतो. चित्रं हवी असतील तर आयएसओ सोळाशेच्या पुढे न्यायचा, अ‍ॅपर्चर उघडं ठेवायचं आणि शटर सेकंदाच्या तिसाव्या-साठाव्या भागावर आणायचं. मग आभाळातली फुलं मात्र केवळ ठिपके. दोन्हींपैकी एक निवडा. फोकस आधीच राजवाड्यावर पक्का करून हाताच्या फोकसवर टाका, नाहीतर अंधारात कॅमेरा चाचपडत बसतो. फोनवर राजवाड्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड कुलूपबंद होतात, मग बोट खाली ओढून उजेड थोडा कमी करायचा. फोन आतषबाजीला नेहमी गरजेपेक्षा उजळ करतो.

बाण सुटतात राजवाड्यामागच्या फँटसीलँडच्याही मागून. म्हणून मेन स्ट्रीटच्या बरोबर मधोमध उभं राहिलं तरच ते राजवाड्याच्या डोक्यावर फुललेले दिसतात. बाजूला सरकलं की फुलं एकीकडे, राजवाडा एकीकडे. आणि धूर. पहिली चार-पाच मिनिटं हवा स्वच्छ असते, नंतर धुराचा ढग साठतो. वारा तुमच्याकडे असेल तर शेवटचा धडाका फोटोत करडा येतो. तेव्हा सुरुवातीला जे काढायचं ते काढून घ्यावं आणि कॅमेरा खाली ठेवावा. उरलेलं डोळ्यांनी बघण्यासारखं आहे, आणि मागच्या माणसांनाही दिसायला हवं. पूर्ण अठरा मिनिटं टॅबलेट डोक्यावर धरून उभं राहणाऱ्यांबद्दल मला काही बोलायचं नाही. भाऊ बोलला होता, मराठीत, म्हणून निभावलं.

घरच्यांच्या फोटोंचं तंत्र वेगळं. माणसं, त्यातून मुलं, चार सेकंद स्थिर राहत नाहीत. फ्लॅश मारला तर चेहरा खडूसारखा पांढरा आणि मागचं सगळं काळं. त्यापेक्षा उजेड शोधावा. मेन स्ट्रीटवरच्या दुकानांच्या मोठ्या काचांमधून पिवळसर मऊ उजेड फुटपाथवर पडतो. काचेपासून दोन पावलं अंतरावर, काचेकडे तोंड करून माणूस उभं केलं की स्टुडिओत बसवल्यासारखा चेहरा उजळतो. भाचीचा सगळ्यात चांगला फोटो निघाला तो तर तिच्या साबणाच्या फुग्यांच्या कांडीमुळे. तिथे एक दिव्याची कांडी विकतात. बटण दाबलं की आतले दिवे रंग बदलतात आणि टोकातून फुगे निघतात. कांडी हनुवटीशी धरून ती फुगे फुटायची वाट बघत होती. खालून येणारा उजेड क्षणात निळा, क्षणात गुलाबी, पुढच्या पडलेल्या दाताची खिंड स्पष्ट, आणि नाकासमोर एक फुगा, त्या फुग्यात उलटा राजवाडा. आयएसओ ३२००, शटर सेकंदाचा साठावा भाग, अ‍ॅपर्चर जेवढं उघडेल तेवढं.

सगळ्यांचा एकत्र फोटो हवा असेल, त्यात फोटो काढणारीसुद्धा, तर राजवाड्यासमोर पार्कचे स्वतःचे छायाचित्रकार उभे असतात. ते आपल्या कॅमेऱ्याने काढतात आणि तो फोटो नंतर विकत घ्यायचा असतो. पण विनंती केली तर तुमच्या फोनवरही काढून देतात, त्याचे पैसे पडत नाहीत. मराठी माणसाला हे कळलंच पाहिजे.

राजवाड्याच्या मागे एक लाकडी घोड्यांचं चक्र आहे. ते डिस्नीपेक्षाही जुनं. फिलाडेल्फियाच्या एका कारखान्यात १९१७ मध्ये घडलं, आधी डेट्रॉइटला होतं, नंतर कितीतरी वर्षं न्यू जर्सीतल्या ऑलिंपिक पार्कात फिरलं आणि १९६७ मध्ये डिस्नीने विकत घेऊन इथे आणलं. "म्हणजे हेही आमच्याकडचंच," असा भावाने लगेच हक्क सांगितला. या चक्रापाशी शटर पाव ते अर्धा सेकंद ठेवून कॅमेरा कुंपणावर टेकवला की घोडे रंगांच्या रेघा होतात आणि छताचे दिवे वर्तुळं काढतात. पुढे कुणीतरी अगदी निश्चल उभं असेल तरच त्या रेघांना अर्थ येतो. त्यासाठी आठवीतला मुलगा उत्तम. त्या वयात ते तसेही फोनमध्ये डोकं घालून पुतळा होऊन उभे असतात.

एपकॉटची रात्र पाण्याची. प्रवेशाशी १८० फूट उंचीचा गोल आहे, 'स्पेसशिप अर्थ', १९८२ पासूनचा. त्याच्या त्रिकोणी पत्र्यांच्या सांध्यांमध्ये २०२१ मध्ये, डिस्नी वर्ल्डच्या पन्नाशीनिमित्त, दिवे बसवले. ते सतत बदलतात, म्हणून शटर छोटं ठेवावं. लांबवलं तर नक्षी पुसली जाते. पुढे मोठं तळं आणि भोवती अकरा देशांचे मंडप. भारताचा नाही, हे आईने दोनदा विचारून खात्री करून घेतलं. मला सगळ्यात आवडला जपानचा किनारा. हिरोशिमाजवळच्या इत्सुकुशिमा देवळाच्या धर्तीवरची लाल कमान तिथे पाण्यात उभी आहे. तिचं प्रतिबिंब आणि पलीकडच्या काठावरचे दिवे, असा फोटो तळ्यावरची आतषबाजी सुरू होण्याआधी काढून घ्यावा. नंतर धूर, लाटा आणि गर्दी.

अ‍ॅनिमल किंगडम या पार्कमधला 'पँडोरा' हा भाग २०१७ चा, 'अवतार' सिनेमावरून उभारलेला. अंधारात तिथली झाडं-वेली आणि पायवाटेवरचे ठिपके अतिनील उजेडात चमकतात. डोळ्यांना जेवढं दिसतं तेवढं कॅमेऱ्यात यायला अर्धा सेकंद तरी लागतो. पांढरे कपडे टाळा: टिनोपालमध्ये काढलेला नवऱ्याचा सदरा तिथे त्या झाडांपेक्षा जास्त चमकत होता. हा पार्क इतरांच्या मानाने लवकर बंद होतो, त्यामुळे उन्हाळ्यात तिथे अंधार जेमतेम मिळतो.

दोन व्यावहारिक गोष्टी. तिथली तिकिटं, रांगांच्या वेळा, जेवणाची मागणी सगळं फोनवर, त्यामुळे संध्याकाळपर्यंत फोन मरायला टेकतो. पॉवर बँक हवीच. आणि वातानुकूलित खोलीतून दमट हवेत कॅमेरा काढला की लेन्सवर वाफ धरते. पावसाळ्यात कोकणात फोटो काढणाऱ्यांना हे सांगायला नको. बंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून बाहेर आणा आणि थोडा वेळ तसाच राहू द्या.

मॅजिक किंगडममधली आतषबाजी संपली की सगळा लोंढा एकदम दाराकडे निघतो आणि बोटीला, मोनोरेलला भल्यामोठ्या रांगा लागतात. त्या लोंढ्यात शिरू नका. पार्क बंद झाल्यावरही मेन स्ट्रीटवरची दुकानं साधारण तासभर उघडी असतात, आणि तोवर कुणी हाकलत नाही. आईला बाकावर बसवलं, भाची बाबागाडीत झोपली, मुलगा आइस्क्रीम घेऊन बसला, आणि मला हवा होता तो रिकामा रस्ता मिळाला. अगदी रिकामा नसतो, पण दहा सेकंदांच्या शटरमध्ये चालती माणसं विरून जातात. बंद झाल्यावर अर्ध्या तासाने राजवाड्यावर दिव्यांची लकाकी फिरते आणि ध्वनिक्षेपकावरून निरोप देतात. तेवढ्यात सफाईवाले रस्ता धुवायला घेतात. ओल्या रस्त्यात राजवाडा आयता उलटा दिसतो, पावसाची वाट बघायला नको.

एवढं सगळं जमवायचं तर एक काम घरीच करा. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबर अखेरपर्यंत हॅलोविनच्या आणि नोव्हेंबर-डिसेंबरात नाताळच्या, अशा मॅजिक किंगडममध्ये काही ठरावीक रात्री वेगळ्या तिकिटाच्या पार्ट्या असतात. त्या दिवशी साधं तिकीट संध्याकाळी सहापर्यंतच चालतं. दिवाळीची सुट्टी नेमकी याच काळात येते. तेव्हा विमानाचं आरक्षण करण्याआधी पार्टीच्या तारखा पाहून घ्या, आणि मॅजिक किंगडमचा दिवस त्या तारखा सोडून धरा.